डोकं तापलंय? आधी बसायला एक दगड शोधा

सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात अडकून बघा. पुढे पुण्याची गाडी, मागे मुंबईची, मधे हॉर्न. सगळे कासला निघालेले, निवांतपणा शोधायला! संध्याकाळी परत येताना घरातली माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालेली असतात. कासचं फुलांचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि त्या मानाला ते लायकही आहे. पण डोकं शांत करायचा मार्ग तिथून सुरू होत नाही. तो घराजवळून सुरू होतो.

जागा जवळची घ्या, आणि एकच घ्या. घरातून पंधरा-वीस मिनिटांत पोचता यावं, एवढीच अट. सातारकरांना अजिंक्यतारा किल्ला आहे, संगम माहुलीचा घाट आहे. सांगलीत असाल तर कृष्णेचा घाट, नाहीतर हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम. दर वेळी नवी जागा बघितली तर ती सहल होते. वाट, पार्किंग, नाश्ता यांतच जीव अडकतो. त्याच जागी दहाव्यांदा गेलात की बघण्यासारखं नवं काही उरत नाही, आणि मग खरं दिसायला लागतं.

वेळ ठरवा. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे, आपण समाधानी आहोत असं सांगणारे जास्त होते. हा वेळ सलग काढला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. अर्थात मुळात धडधाकट असलेली माणसंच जास्त बाहेर पडत असतील, हेही शक्य आहे. तरी हिशेब सोपा आहे: आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणार नाही इतकं स्वस्त.

फोन घरी, किंवा निदान बंद करून खिशात. पहिलं वर्षभर मी किल्ल्यावर मनगटावर घड्याळ बांधून पावलं मोजत जायचो. वर पोचल्यावर फोटो, मग तो ग्रुपवर, मग त्यावर कोण काय म्हणालं ते बघत खाली. व्यायाम झाला, शांतता काही मिळाली नाही. वाटेत ओळखीचे भेटतातच. हात करायचा आणि पुढे व्हायचं. नगरपालिकेचं राजकारण खाली उतरल्यावर.

चढ सावकाश चढा. नाकाने श्वास घेता येईल एवढाच वेग ठेवा. धाप लागली की थांबा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्या. छातीतली धडधड आपोआप खाली येते.

आता बसा. सगळ्यात अवघड काम हेच. एखादा दगड, कट्टा किंवा पायरी ठरवा आणि वीस मिनिटं हलू नका. डोळे मिटून ध्यानबिन लावायची गरज नाही. आधी कान लावा: जवळचा आवाज कुठला, सगळ्यात लांबचा कुठला? तांबट पक्षी ठोके मारल्यासारखा टुक-टुक करत असतो, सातभाईंचं भांडण चालू असतं, आणि पार खालून हायवेच्या ट्रकची घरघर. तीही ऐका, तिच्यावर चिडू नका. मग डोळे लांब न्या: सज्जनगड, यवतेश्वर, जरंडा, हवा स्वच्छ असेल तर चंदन-वंदन. आणि मग एकदम पायाशी.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर माझ्या पायाशी वाळवीचे पंख पडले होते, आदल्या रात्री दिव्याभोवती घोंघावणारे तेच. एका मुंगीने त्यातला एक उभा धरला होता, होडीच्या शिडासारखा. वारा आला की पंख कलंडायचा आणि मुंगी त्याच्यासकट आडवी व्हायची. पुन्हा उठायची. साधारण हातभर अंतर होतं वारुळापर्यंत. मी उठलो तेव्हा ऑफिसातलं जे प्रकरण डोक्यात घेऊन वर आलो होतो, ते अर्धा तास आठवलंच नव्हतं. दिवसभर आपण लक्ष ओढूनताणून स्क्रीनवर धरतो आणि त्याने ते थकतं. मुंगी किंवा पानांची सळसळ ते न ओढता धरून ठेवते. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी लक्षाला विसावा कसा मिळतो ते साधारण असंच मांडलं आहे.

पहिले आठ-दहा दिवस कंटाळा येईल. येऊ द्या.

गुडघे कुरकुरत असतील तर किल्ला सोडा, माहुलीला जा. कृष्णा आणि वेण्णा भेटतात तिथल्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसावं. जवळच साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवतात. नातवंडं बरोबर असतील तर ती आधी तिकडेच पळतील. पावसाळ्यात मात्र शेवाळलेल्या पायऱ्यांपासून आणि चढत्या पाण्यापासून लांब राहा. किल्ल्यावर आग्या मोहोळ दिसलं तर उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. एकट्याने जाणार असाल तर घरी सांगून जा आणि अंधाराच्या आत उतरा.

आणखी एक. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर नुसतं डोंगरावर बसून भागणार नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, मोफत आहे.

कासला जायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, आधी बुकिंग करून, सकाळी लवकर जा. तिथे उभ्याने फिरू नका, आखलेल्या वाटेच्या कडेला उकिडवे बसा. कातळावरच्या त्या पातळ मातीत दवबिंदू नावाची इवलीशी कीटकभक्षी वनस्पती असते. तिच्या केसांवरचे चिकट थेंब उन्हात चमकतात. एवढ्यात मागून कोणीतरी फोटोसाठी बाजूला व्हायला सांगेलच. व्हा बाजूला, आणि दोन पावलांवर पुन्हा बसा.