आपल्याच रानात काडी लावायला परवानगी?

सध्या सुट्टीवर वाळवा तालुक्यात, गावी आलोय. परवा शेजारच्या रानातली ऊसतोडीची टोळी उठली आणि काल सांजेला तिथलं पाचट पेटलं. बघता बघता सगळं रान काळं. आमच्या बांधाकडची ठिबकची नळी दहा-बारा फूट वितळून मातीला चिकटली, लिंबाची एक बाजू करपली. सकाळी शेजारी चहाला आले तेव्हा म्हणाले, "वारं फिरलं, त्याला काय करणार?" आबांनी मान हलवली आणि विषय संपला.

त्याच चहाला पुतण्याचे दोन दोस्त होते, एक पलूसचा, एक कराडचा. दोघं एप्रिलात ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सला शेतीकामावर निघालेत. मी तिथं ग्रिफिथच्या बाजूला सोळा वर्षं आहे. तिकडं असं पेटवता येतं का, असं त्यांनी विचारलं. उत्तर लांबलं, म्हणून लिहूनच काढलं. सातारा-सांगलीकडून तिकडं नव्यानं आलेल्या बाकीच्यांनाही चालेल. फक्त एवढं धरा, की हे न्यू साउथ वेल्सचं आहे. व्हिक्टोरियात गेलात तर तिथलं खातं वेगळं, नियम वेगळे.

पहिल्यांदा कॅलेंडर डोक्यात फिरवून घ्या. तिकडं वणव्याच्या धोक्याचा काळ कायद्यानं १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. मी नवरात्र ते पाडवा असं लक्षात ठेवतो. कोरडं वर्ष असलं की काही भागांत तो सप्टेंबरपासूनच लागतो, म्हणून आपल्या भागाची तारीख दरवर्षी बघायची.

या काळात रानात काही पेटवायचं तर फायर परमिट लागतं. खेड्यापाड्यात ते रूरल फायर सर्व्हिस, म्हणजे गावाकडचं अग्निशमन दल देतं, सगळे आरएफएस म्हणतात. आपल्या भागाच्या फायर कंट्रोल सेंटरला फोन करायचा. पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही, कुणाला 'साहेब' म्हणायचीही गरज नाही. कुठं, काय, किती पेटवणार ते विचारतात, जागा बघायलाही येतात. आमच्याकडं आलेला माणूस कागदापेक्षा जमिनीकडंच जास्त बघत होता. कडेनं जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी, किती रुंद आहे, वरून विजेची तार जाते का, पाण्याची टाकी भरलेली आहे का, पंप चालू होतो का. पंप त्यानं खरंच चालू करून दाखवायला लावला. जाळरेषा आपल्याला नवी नाही. कास-यवतेश्वरकडं उन्हाळ्याआधी वनखात्याची माणसं काढतात तीच. परमिट हातात आलं की त्यावरच्या अटी नीट वाचा, आणि पेटवताना ते जवळ असू द्या.

शहराच्या हद्दीत फायर अँड रेस्क्यूचा, म्हणजे शहरी अग्निशमन दलाचा भाग असेल तर परमिट बाराही महिने लागतं. आणि झाडी, झुडपं जाळून जमीन मोकळी करायची असेल तर नुसतं परमिट पुरत नाही, पर्यावरणाची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. यात आपली माणसं हमखास फसतात. तिथलं गावठी झाडझुडूप म्हणजे आपली बाभळ नव्हे, की कुऱ्हाड घातली आणि झालं.

आता माझी चूक सांगतो. पहिल्याच वर्षी जूनमध्ये छाटलेल्या फांद्यांचा ढीग पेटवला. धोक्याचा काळ संपलेला, परमिट लागत नाही, मग कुणाला काय सांगायचं? अर्ध्या तासात फाटकाशी लाल बंब उभा. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी धूर बघून ०००ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन केला होता. बंबातून चौघं उतरले. एक गॅरेजवाला, त्याच्या हाताला ग्रीस तसंच. दुसरी बाई शाळेतली. आरएफएसचे सत्तर हजारांवर लोक असे स्वयंसेवक आहेत, आपापलं काम टाकून येतात, त्याचे पैसे घेत नाहीत. कुणी ओरडलं नाही. त्या बाईनं एवढंच विचारलं, "कालच कळवायला काय झालं होतं?" मला तोंड वर करवेना. भावकीत चारचौघांत बोलणी खाल्ली असती तर इतकं लागलं नसतं.

तर परमिट लागो न लागो, चोवीस तास आधी दोन ठिकाणी कळवायचंच: आरएफएसला आणि शेजाऱ्यांना. आरएफएसला ऑनलाइनही कळवता येतं. शेजारी म्हणजे बांधाला बांध लागलेलाच नव्हे. मधे रस्ता किंवा ओढा असला तरी पलीकडचा शेजारीच. कुठं, कशासाठी आणि किती वाजता पेटवणार, हे सांगायचं.

परमिट खिशात असलं तरी टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग लावायला पूर्ण बंदी, लागला की त्या दिवशी ते चालत नाही. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी 'हॅझर्ड्स निअर मी' ॲप बघायचं. धोक्याच्या पायऱ्या चार: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटस्ट्रॉफिक. हाय म्हटलं की मी बॅनची वाट बघत नाही, काडीपेटी घरातच राहते. तुम्हाला हे अति वाटेल. २०१९-२०च्या उन्हाळ्यात एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये ५५ लाख हेक्टर जळालं, २,४४८ घरं गेली, २६ माणसं गेली. वारं फिरलं हे उत्तर तिथं चहावर कुणी ऐकून घेत नाही.

विझवणं हे पेटवण्यापेक्षा मोठं काम. पाचट भरभर जळून गार होतं, त्यामुळं आपली सवय वेगळी. युकॅलिप्टसचं खोड मुळातून धुमसत राहतं. माझ्या एका ढिगात तिसऱ्या दिवशी, वर पांढरी राख, हात लावला तर थंड, आणि दाताळ्यानं उकरलं तर खाली लाल निखारा. तेव्हापासून राख उकरायची, पाणी मारायचं, परत उकरायची आणि उलट्या हातानं ऊब बघायची. धग लागली की पुन्हा पाणी. दुसऱ्या दिवशी परत फेरी.

आणि होळी. ती मार्चात येते, म्हणजे बरोबर धोक्याच्या काळात. मंडळाचं कुणीतरी दरवर्षी म्हणतंच, की सण आहे, छोटीशी पेटवू. आम्ही महिनाभर आधी कंट्रोल सेंटरला फोन करतो, ते सांगतील तसं. एका वर्षी बॅन लागला, तेव्हा समईभोवती नारळ फिरवून बोंबा मारल्या. पोरांना बोंबा पुरल्या.

पलूस-कराडची जोडी एप्रिलात उतरेल तेव्हा परमिटचा काळ बहुतेक नुकताच संपलेला असेल. चोवीस तासांचं कळवणं तेव्हाही आहेच. कंट्रोल सेंटरचा नंबर तेवढा पहिल्या आठवड्यातच फोनमध्ये घालून ठेवा.