गाजर गवत काढायचंय? मग फुलं यायच्या आत काढा

जूनचे पहिले पाऊस झाले की रिकाम्या प्लॉटवर, कंपाउंडच्या कडेने, बांधावर गाजर गवत वर यायला लागतं. कोणी काँग्रेस गवत म्हणतं कोणी चटकचांदणी, सगळं एकच. 1955-56 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आता कुठे नाही सांगा. हात लागला की काहींच्या अंगावर खाज, चट्टे येतात, परागकणांनी शिंका, दमा वाढतो, जनावराने खाल्लं तर दूधही कडू होतं.

एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यातच पांढरी फुलं येतात, म्हणून सगळं वेळ साधण्यावर आहे. माती ओली असताना मुळासकट उपटा. कोयत्याने नुसतं वरून छाटू नका, बुडातून परत फुटतं आणि मग बुटक्या झाडालाच फुलं लागतात. हातमोजे, फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल हे पाहिजेच, आणि घरात कोणाला दमा किंवा अंगावर पित्त उठायचा त्रास असेल तर त्यांना हे काम अजिबात देऊ नका प्लीज. झालं की साबणाने हातपाय धुवा, कपडे वेगळे धुवा.

फुलं नसलेलं गवत खड्ड्यात शेण-मातीचे थर देऊन कुजवलं तर चांगलं खत होतं. फुलं आलेलं मात्र खतात घालायचं नाही, सरळ पोत्यात भरायचं आणि लांब न नेता तिथेच खोल गाडायचं, नाहीतर वाटभर बी सांडतं.

भिंतीच्या कडेला, फरशीच्या फटीत लिटरला 200 ग्रॅम मीठ घालून फवारलं तर कोवळी रोपं जळतात. पण बागेत किंवा शेतात हे करू नका, जमीन खराब होते.

पानांवर काळ्या रेघांचे पांढुरके भुंगे दिसले तर मारू नका हां, ते मेक्सिकन भुंगे आहेत, 1984 मध्ये बेंगळुरूला मुद्दाम सोडलेले, आणि पावसाळ्यात त्यांच्या अळ्याही हेच गवत खातात.

उपटल्यावर जागा मोकळी राहिली की तिथे पुन्हा तेच येणार. म्हणून मे महिन्यातच टाकळ्याचं बी फेकून ठेवा, तो दाट माजतो आणि गाजर गवताला उठू देत नाही, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते. जुनं बी मातीत काही वर्षं टिकतं, त्यामुळे पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा, आणि बाहेरून शेणखत किंवा माती आणाल तर नीट कुजलेलं आहे का बघून घ्या, बरंचसं बी त्यातूनच येतं.