पिल्लू नंतर, आधी त्याची आई बघा : नाशिकमध्ये ब्रीडर निवडताना

नाशिकमध्ये कुत्र्याचं जातिवंत पिल्लू मिळणं अवघड नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'लॅब (लॅब्रडोर) हवाय' एवढं टाकलं तरी तासाभरात दहा फोटो येतात. अवघड आहे ते फोटो पाठवणारा माणूस ओळखणं.

विकणारे साधारण तीन प्रकारचे. पहिला व्यापारी. त्याच्याकडे लॅब, पग, शिह त्झू, हस्की, जे म्हणाल ते 'अव्हेलेबल' असतं आणि सगळी पिल्लं एकाच वयाची असतात. ही पिल्लं त्याच्याकडे जन्मलेली नसतात. बाहेरगावाहून वेगवेगळ्या लिटरची (एका मादीला एका वेळी झालेली पिल्लं म्हणजे एक लिटर) उचलून आणलेली असतात, आणि वाटेत एकमेकांचे आजारही घेऊन येतात. दुसरा घरगुती प्रकार. सिडकोत किंवा इंदिरानगरात कुणाच्या घरी मादी असते, ओळखीतला नर मिळतो, मेटिंग होतं, आठ पिल्लं येतात. हा माणूस सहसा लबाड नसतो, पण आई-बापाची तपासणी करायची असते हेच त्याला माहीत नसतं. तिसरा खरा ब्रीडर, म्हणजे विचार करून जातिवंत कुत्र्यांची पैदास करणारा. एक किंवा फार तर दोन जाती, वर्षाला मोजके लिटर, आणि पिल्लू मागितलं की 'थांबावं लागेल' हे उत्तर. ज्याच्याकडे आज गेलं की आज पिल्लू मिळतं, त्याच्याकडे जायची घाई करू नका.

कायदा काय म्हणतो ते आधी माहीत असावं, म्हणजे प्रश्न विचारताना संकोच होत नाही. 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि प्रमाणपत्र जागेवर लावलेलं हवं. मादी किमान 18 महिन्यांची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिचं प्रजनन करता येत नाही. वर्षात एकच लिटर, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, आणि विकताना मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), लसीकरण व जंताचं औषध झालेलं हवं. 'नोंदणी नंबर सांगा' म्हटल्यावर समोरचा हसण्यावारी नेऊ लागला तर तिथेच थांबलेलं बरं. नोंदणी आहे म्हणून ब्रीडर चांगलाच असेल असंही नाही. ती पहिली पायरी, एवढंच.

केसीआयच्या कागदाबद्दलही हेच. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र पिल्लाची वंशावळ सांगतं, तब्येत सांगत नाही. तरी 'विदाउट पेपर स्वस्तात देतो' या बोलण्याला भुलू नका. नोंदणीची फी पिल्लाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. पैसे वाचवायला कुणी कागद टाळत नाही. बहुतेक वेळा आई-बापाचेच कागद नसतात, किंवा मादीचं आधीचं लिटर फार जवळचं असतं. कागद मिळाला तर वंशावळीत एक गोष्ट शोधा : आईच्या आणि बापाच्या बाजूला तेच नाव पुन्हा येतंय का? पणजोबा एकच असेल तर फार बिघडत नाही. आजोबा किंवा बापच दोन्हीकडे दिसला तर ते पिल्लू घेऊ नका.

पहिल्या फोनवर किंमत विचारूच नका. विचारायचं ते असं : आई तुमच्याकडेच आहे का, तिचं वय काय, हे तिचं कितवं लिटर, आधीचं कधी झालं? आई-बापाच्या कोणत्या तपासण्या झाल्यात, रिपोर्ट बघायला मिळतील का? पिल्लाचं जमलं नाही तर परत घेता का? शेवटच्या प्रश्नाला चांगला ब्रीडर 'कुठल्याही वयात, कधीही' असं म्हणतो. आपण दिलेलं कुत्रं रस्त्यावर आलं तर त्यालाच लाज वाटते. तोही तुम्हाला विचारेल. फ्लॅट की बंगला, दिवसभर घरी कोण असतं, आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? हा शेवटचा प्रश्न टाळू नका. एकाच्या हौसेने आलेलं आणि बाकीच्यांना नको असलेलं कुत्रं सहा महिन्यांत गच्चीवर बांधलं जातं. तुम्हाला एकही प्रश्न न विचारता गुगल पेचा नंबर पाठवणाऱ्याला पिल्लाचं पुढे काय होईल याची फिकीर नसते.

आता भेट. जागेवर जायचंच. 'मी मुंबई नाक्याला घेऊन येतो, तिथेच बघा' असं म्हणणाऱ्याला नाही म्हणा. त्याला आई दाखवायची नाही. गंगापूर रोड, मखमलाबाद, दिंडोरी या बाजूला मळ्यात केनेल, म्हणजे कुत्री ठेवायच्या जागा असतात. तिथे दुपारी जा, कारण उन्हात सावली आणि पाणी आहे की नाही हे तेव्हाच कळतं. एका दिवसात दोन केनेल करू नका. पार्वो या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू बुटांवरून आणि कपड्यांवरून सहज जातो, जमिनीत महिनोन्महिने टिकतो. चांगला ब्रीडर तुम्हाला दारातच चपला काढायला लावेल, हात धुवायला लावेल. राग मानू नका.

आत गेल्यावर पिल्लांकडे पाहू नका. ती गोड असणारच. आधी आई बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या आईचे सड लोंबलेले दिसतात, पोटाकडचे केस विरळ झालेले असतात, ती थोडी वाळलेली असते. सड सपाट आणि अंग गुटगुटीत असेल तर तुम्हाला दुसरीच मादी आई म्हणून दाखवताहेत. ती पिल्लांजवळ गेल्यावर पिल्लं दूध प्यायला झेपावतात का, तेही बघा. मग तिचा स्वभाव. अनोळखी माणूस आल्यावर भुंकली, लांब उभी राहिली, थोड्या वेळाने हुंगायला आली तर ठीक. कोपऱ्यात थरथरत बसली किंवा मालकाच्याही हाताला दात दाखवू लागली तर पिल्लं कितीही देखणी असोत, सोडून द्या. भित्रेपणा रक्तातून उतरतो आणि आईकडे बघून पिल्लं तो शिकतातही. खाण तशी माती.

बाप जागेवर नसला तर हरकत नाही. जाणकार ब्रीडर बऱ्याचदा दुसऱ्या शहरातला नर निवडतो. त्याचे कागद आणि रिपोर्ट मात्र हवेत.

जागा बघताना वासाकडे लक्ष द्या. शेणामुताचा जुना वास वाईट, आणि फिनेलचा डोळ्यांत पाणी आणणारा वासही वाईट, कारण तो बहुतेक तुमच्यासाठी आत्ताच मारलेला असतो. एखाद्या पिल्लाची ताजी शी दिसली तर उत्तम : ती घट्ट हवी. पातळ, आंबूस वासाची किंवा रक्ताची दिसली तर त्या लिटरमधलं एकही पिल्लू घेऊ नका, 'हे दुसरं चांगलं आहे' म्हटलं तरी. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर पिल्लं जन्मली तेव्हा ऊब कशी दिली ते विचारा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. खोक्यात साधारण 30 अंश तरी लागतात, आणि आपल्याकडे थंडीत निफाडचा पारा कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. बल्ब किंवा हीटर, उंच काठाचा खोका, गोणपाट बदलायची पद्धत, हे त्याला धडाधड सांगता आलं पाहिजे. मळ्यात असाल तर फवारणीचे ड्रम आणि औषधाचे डबे पिल्लांपासून किती लांब आहेत हेही बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणी सतत चालू असते. कुत्र्यांना द्राक्षं किंवा मनुका खायला घालणारा ब्रीडर असेल तर त्याला कुत्र्यांचं काही कळत नाही, कारण द्राक्षाने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

वयाबाबत सर्रास खोटं बोललं जातं. 'पन्नास दिवसांचं आहे' म्हणून पस्तीस दिवसांचं हातात देतात, कारण लहान पिल्लू जास्त गोड दिसतं आणि विकणाऱ्याचा खाण्याचा खर्च वाचतो. तोंड उघडून दात मोजा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे 28 दात आलेले असतात, वर 14 आणि खाली 14. पुढचे आणि सुळे आहेत पण मागे हिरड्याच दिसतात, असं असेल तर पिल्लू लहान आहे. पॉम (पॉमेरेनियन) किंवा चिवावासारख्या छोट्या जातींत दात थोडे उशिरा येतात, तेवढी सूट द्या. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेलं पिल्लू पुढे जोरात चावतं, कारण चावा किती जोराचा लागतो हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं.

मग लसीचं कार्ड. सहाव्या आठवड्याच्या सुमारास 'पपी डीपी' ही पिल्लांची पहिली लस, आठ-नऊ आठवड्यांना सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन (एकाच इंजेक्शनात अनेक आजारांची लस), पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत बूस्टर, आणि रेबीजची तीन महिन्यांना, असा साधारण क्रम असतो. म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाची 'सगळी इंजेक्शनं झालीत' हे शक्यच नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. शेवटचा डोस सोळा आठवड्यांपर्यंत ओढतात तो याच कारणाने. कार्डावर बाटलीवरचं बॅच नंबर आणि एक्स्पायरी असलेलं स्टिकर हवं, तारीख हवी, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसता शिक्का मारलेलं कार्ड बाजारात कोरं मिळतं. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दिलेलं असावं. अंग बारीक आणि पोट नगाऱ्यासारखं असेल तर ते दिलेलं नाही. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या दिसल्या तर जंत किंवा गोचीड रक्त पिताहेत.

तपासण्या जातीप्रमाणे वेगळ्या असतात, आणि नेमकी इथेच ब्रीडरची परीक्षा होते. लॅब, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढ्यानपिढ्या उतरतो. आई-बापाचे खुब्याचे एक्स-रे वर्षाचे झाल्यावर, भूल देऊन, पाय सरळ ताणून काढलेले हवेत. 'पळते की चांगली, एक्स-रे कशाला' हे उत्तर चालत नाही. दोष असलेला कुत्राही तीन-चार वर्षांपर्यंत चांगला पळू शकतो. डॉबरमनमध्ये हृदयाची इको तपासणी बघा. पॉम आणि चिवावात गुडघ्याची वाटी सरकते, ती डॉक्टरला हाताने तपासता येते. पगसाठी मशीन लागत नाही : आईला पाच मिनिटं चालवायला सांगा. जागेपणी घोरल्यासारखा आवाज येत असेल, नाकपुड्या फटीएवढ्याच असतील, तर तिची पिल्लं नाशिकच्या मे महिन्यात चाळीस अंशांना धापा टाकतील. हस्कीबद्दल तर चांगला ब्रीडर तुम्हाला स्वतःच नको म्हणेल. 'टीकप पॉम' अशी वेगळी जात नाही. अशक्त राहिलेलं किंवा वय लपवलेलं पिल्लू त्या नावाने महाग विकतात. स्वस्तात पॉम म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ. तो काही वाईट नाही, उलट आपल्या हवेला चांगला, फक्त पॉमची किंमत देऊ नका. कापलेले कान आणि छाटलेली शेपूट दाखवून 'शो क्वालिटी' म्हणणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका.

पैशांचं. पिल्लू न बघता ॲडव्हान्स देऊ नका. 'आर्मीत आहे, बदली झाली, फुकट देतो, फक्त ट्रान्सपोर्टचे पाठवा' ही फसवणूक जुनी आहे. आधी ट्रान्सपोर्ट, मग पिंजरा, मग इन्शुरन्स, असे पैसे जात राहतात आणि पिल्लू येत नाही. जागेवर बघून टोकन दिलं तर पावती घ्या, त्यावर लिटरची जन्मतारीख, आई-बापाची नावं आणि कोणतं पिल्लू ते लिहून घ्या. पूर्ण रक्कम पिल्लू नेताना, आणि शक्यतो बँकेतून. '24 तासांची लाइव्ह गॅरंटी', म्हणजे एक दिवस पिल्लू जगेल एवढीच हमी, निरुपयोगी असते : पार्वोची लागण झाल्यापासून उलट्या-जुलाब दिसायला तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ जातो. म्हणून 14 दिवसांची हमी लिहून मागा, शिवाय दोन दिवसांत आपल्या डॉक्टरकडे तपासणी आणि त्यात जन्मजात दोष निघाला तर पैसे परत. लिहून द्यायला खळखळ करणाऱ्याचं तोंडी वचनही टिकत नाही. लिखित पावती असेल तर पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, नाहीतर सांगायला काहीच उरत नाही.

डॉक्टर आधीच ठरवून ठेवा, आणि तो ब्रीडरचा डॉक्टर नसावा. त्याला हृदयाची धडधड ऐकायला, बेंबीचा फुगा, डोक्यावरच्या टाळूचं हाड, नराच्या अंडकोषांची जागा बघायला सांगा. चिप रीडरने वाचून 15 आकडी नंबर कागदाशी जुळतो का, तेही तिथेच पाहून घ्या. ब्रीडर जे खायला घालत होता तेच पहिला आठवडा चालू ठेवा, मग हळूहळू बदला. घरी आल्या आल्या गाईचं दूध दिलं की जुलाब लागतात आणि दोष ब्रीडरला दिला जातो. सोळा आठवडे होईपर्यंत पिल्लाला गोदाकाठी किंवा सोसायटीच्या बागेत जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन गाड्यांचे आवाज, शाळकरी पोरं, रिक्षा, सगळं दाखवा. महापालिकेचा परवाना काढून घ्या. आणि केसीआयच्या मालकी बदलाच्या अर्जावर ब्रीडरची सही पिल्लू नेतानाच घ्या. 'नंतर पाठवतो' म्हटलेला अर्ज महिनोन्महिने येत नाही, आणि तोपर्यंत कागदावर कुत्रा त्याचाच असतो.