बसल्यावर खाली दुखतंय? उशी घ्यायच्या आधी नेमकं कुठे दुखतंय ते शोधा

दुसऱ्या बाळंतपणानंतर पाचव्या महिन्यात मी ऑफिसला परत गेले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की मला अर्धा तासपण खुर्चीत बसवत नाहीये. उठताना तर माकडहाडातून अशी कळ यायची की टेबल धरूनच उभं राहावं लागायचं. घरचे म्हणाले बाळंतपणानंतर होतं असं, मेडिकलवाल्याने हवा भरायची गोल रिंग दिली, ती आणून मी तीन आठवडे वापरली आणि दुखणं वाढलं. मग ऑर्थोपेडिककडे गेले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, एका बोटाने दाखवा कुठे दुखतं. तोपर्यंत मी सगळ्यांना "खाली दुखतं" एवढंच सांगत होते, आणि गडबड तिथेच होती. बसल्यावर खाली दुखण्याच्या तीन-चार वेगवेगळ्या जागा असतात आणि प्रत्येकीला वेगळ्या आकाराची उशी लागते. एकीची उशी दुसरीला दिली तर त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

म्हणून सगळ्यात आधी जागा शोधा. ताठ बसलो की आपलं वजन मुख्यतः दोन हाडांवर येतं, कुल्ल्यांच्या खाली हात घालून कडक पाटावर बसलात की ती टोचतात ती. मी त्यांना बसायची हाडं म्हणते. माकडहाड त्यांच्या मागे, मणक्याच्या अगदी शेवटी असतं, आणि ताठ बसलं की त्याच्यावर फारसा भार नसतो. पण मागे रेललो, खुर्चीत घसरून बसलो की ते तिसऱ्या पायासारखं खाली टेकतं. त्यामुळे रेलून बसल्यावर जास्त आणि पुढे वाकल्यावर कमी दुखत असेल, खुर्चीतून उठतानाच्या क्षणी कळ येत असेल आणि दोन कुल्ल्यांच्या फटीच्या वरच्या टोकाला बोट ठेवून "इथेच" असं सांगता येत असेल तर बहुतेक ते माकडहाड. पाय घसरून बुडावर पडणं, बाळंतपण, तासन् तास बसून राहणं ही याची नेहमीची कारणं आहेत. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसतं. वजन पटकन खूप उतरलं तरी होतं, कारण खालची चरबीची गादीच कमी होते.

दुखणं एका किंवा दोन्ही कुल्ल्यांच्या खाली, त्या टोचणाऱ्या हाडांवरच असेल, कडक बाकावर जास्त आणि सोफ्यावर कमी, तर ती बसायच्या हाडांची किंवा हाडाचं घर्षण कमी करणारी पाण्याची छोटी पिशवी त्यांच्यावर असते तिची सूज असू शकते, किंवा मांडीच्या मागचा स्नायू जिथे त्या हाडाला चिकटतो तिथली दुखापत. पळणाऱ्या लोकांना ही दुसरी गोष्ट बऱ्याचदा होते.

तिसरी जागा मधली, आणि याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात. शौचाची जागा आणि पुढचा भाग यांच्यामध्ये, योनीच्या आसपास किंवा पुरुषांमध्ये अंडकोषाच्या मागे जळजळ, टोचल्यासारखं, चटका बसल्यासारखं, किंवा आत बॉल ठेवून त्यावर बसलोय असं वाटणं. इथून पुडेंडल नावाची नस जाते, पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या भागातून निघते आणि या सगळ्या भागाला संवेदना देते. ती दबली किंवा चिडली की बसल्यावर दुखतं, उभं राहिलं किंवा आडवं झालं की उतरतं आणि सहसा रात्री झोपेतून उठवत नाही. एक खूण मला खूप उपयोगी वाटते, कमोडवर बसल्यावर त्रास कमी होतो का ते बघा, कारण तिथे मधला भाग लटकता राहतो. एवढ्यावरून निदान होत नाही, ते डॉक्टरच करणार, पण उशी कोणत्या आकाराची बघायची हे यातून कळतं. खूप सायकल चालवणाऱ्यांनाही हा त्रास होतो, सॅडलचा दाब नेमका तिथेच येतो म्हणून.

जागा कळली की लगेच ऑनलाइन ऑर्डर टाकू नका. आधी घरातले दोन टॉवेल घ्या, प्रत्येकाची घट्ट लांबट गुंडाळी करा, आणि कडक खुर्चीवर समोरून मागे अशा उभ्या दोन ओळीत ठेवा, मध्ये चार बोटांची फट. एक गुंडाळी डाव्या कुल्ल्या-मांडीखाली, एक उजव्या. दहा मिनिटं बसा. मधलं दुखणं किंवा माकडहाडाचं दुखणं यात कमी झालं तर फट असलेली उशी तुम्हाला मानवेल. काहीच फरक नाही किंवा वाढलं, तर फट असलेल्या उशीवर पैसे घालू नका, तुमचा त्रास बसायच्या हाडांचा असू शकतो आणि मग तुम्हाला खाच नसलेली, सगळीकडून सारखी मऊ पण खाली न बसणारी उशी लागेल. माझ्या डॉक्टरांनी पाठवलेल्या फिजिओथेरपिस्टने हे टॉवेलचं करून दाखवलं तेव्हा मला त्या तीन आठवड्यांचं वाईट वाटलं.

गोल रिंगबद्दल सांगतेच, कारण अजूनही बाळंतिणीला पहिली तीच आणून देतात. रिंगवर बसलं की मधला सगळा भाग भोकात लटकतो आणि चहूबाजूंनी कड दाबत राहते, त्यामुळे मधल्या भागात रक्त आणि सूज साठू शकते, टाक्यांवर ताण येऊ शकतो. आणि रिंगची मागची कड बरोबर माकडहाडाखाली येते! मला नेमकं हेच झालं. टाके ओले असतानाच्या दिवसात थोडा वेळ बसायला काय वापरायचं ते तुमच्या गायनॅकना विचारा, पण ऑफिसच्या आठ तासांसाठी रिंग नाही.

माकडहाडासाठी मागच्या बाजूला यू आकाराची खाच असलेली उशी लागते. खाच मागे, पाठीकडे. हे लिहायला कारण आहे, मी तीन-चार जणींना ती उलटी ठेवून बसलेलं बघितलंय आणि मग त्या म्हणतात काही उपयोग नाही. मागे थोडी उंच आणि पुढे उतरती असेल तर आणखी चांगलं, कमरेखालचं हाड आपोआप पुढे झुकतं आणि माकडहाड उचललं जातं. मधल्या भागाच्या दुखण्याला खाच पुढे हवी किंवा पुढून मागेपर्यंत सलग चर हवा. काही जण यू वाली उशीच फिरवून खाच पुढे करून वापरतात आणि पुष्कळांना चालतं, आधी तेच करून बघा. बसायच्या हाडांच्या दुखण्याला खाच नकोच, कारण खाचेची कड दुखऱ्या हाडावर आली की संपलं.

खाचेची रुंदी कोणी बघत नाही आणि खरं तर तीच बघायची असते. खाच बसायच्या दोन हाडांमधल्या अंतरापेक्षा अरुंद पाहिजे, नाहीतर हाडंच खाचेत उतरतात आणि आधार जातो. अंतर मोजायला सोपं आहे, पार्सलच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, पायाखाली काहीतरी घेऊन गुडघे थोडे वर आणा, जरा पुढे वाका, मिनिटभराने उठा. दोन खळगे पडलेले असतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीने मोजा. माझं साडेतेरा सेंटीमीटर आलं, आणि ज्या उशीने शेवटी आराम पडला तिची खाच सहा सेंटीमीटरची आहे. ऑनलाइन कधीकधी खाचेचं माप दिलेलंच नसतं, मग प्रश्नोत्तरात विचारा, नाही मिळालं तर सोडून द्या ती उशी.

आता आतलं सामान. मेमरी फोमची जाहिरात सगळ्यात जास्त, आणि तो वाईट नाही पण त्याचा स्वभाव समजून घ्या, तो उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत कडक. त्यामुळे एसी जोरात असलेल्या ऑफिसात सकाळी दगडासारखा वाटतो आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तोच इतका लिबलिबीत होतो की हाडं थेट सीटला टेकतात. पातळ मेमरी फोम तर घेऊच नका. माझं मत विचाराल तर वजन साठ किलोच्या वर असेल तर एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त लवचिक) फोम जास्त टिकतो आणि बसल्यावर परत वर येतो. डेन्सिटी विचारा, ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो फोम. पण डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही, ४० डेन्सिटीत मऊ पण मिळतो आणि कडक पण, डेन्सिटीवरून साधारण टिकाऊपणा कळतो. जेलची जाळी असलेल्या उशा हवेशीर असतात, उकाड्यात बऱ्या, पण जड, रोज लोकलमधून न्यायची असेल तर विचार करा. हवेची चौकोनी उशी चांगली कारण हवा कमीजास्त करता येते, फक्त लोक ती टम्म फुगवतात आणि मग बॉलवर बसल्यासारखं होतं, हवा हळूहळू सोडत हाड खाली टेकायच्या जरा आधी थांबायचं. कापसाची उशी दोन महिन्यात दबते, गाठी होतात, या कामाला नाही.

उशी हातात आली की लेबल फाडायच्या आधी ही एक टेस्ट करा. तुमच्या नेहमीच्या खुर्चीवर ठेवून बसा, पाच मिनिटं थांबा म्हणजे फोम दबेल तेवढा दबेल, मग घरातल्या कोणालातरी हाताचा पंजा उशी आणि खुर्चीच्या मध्ये, तुमच्या बसायच्या हाडाखाली सरकवायला सांगा. हाड आणि पंजा यांच्यात निदान एक इंच फोम जाणवायला पाहिजे. हाड थेट हाताला लागलं तर उशी तुमच्या वजनाला कमी पडतेय, परत करा. म्हणूनच रिटर्न होणारीच घ्या, आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटांच्या वर बसू नका, नवीन उशीवर वजन नवीन ठिकाणी येतं तर मांड्या थोड्या अवघडतात, ते दोन-चार दिवसात जातं. मूळचं दुखणं मात्र वाढत असेल तर आठवडाभर वाट बघायची गरज नाही.

रेडिमेडमध्ये काही जमलं नाही तर आपल्याकडे एक मोठी सोय आहे, फोम कापून देणारे गादीवाले. सोफ्याचं काम करणाऱ्या कुठल्याही दुकानात जा, कागदावर आकार काढून न्या, खाच कुठे, किती रुंद, मागे किती जाड पुढे किती, सगळं लिहून. खाली दोन इंच कडक, वर एक इंच मऊ असे दोन थर चिकटवून घेता येतात. माझी आत्ताची उशी अशीच केलेली आहे. खोळ चेनवाली आणि जाळीच्या कापडाची शिवून घ्या, रेक्झिन नको, घाम येतो आणि घसरतं. खालून मात्र न घसरणारं कापड हवं.

उशीमुळे तुम्ही दोन-तीन इंच वर जाता हे विसरलं जातं. पाय लोंबकळायला लागले की मांडीखाली दाब येतो आणि माणूस घसरून बसतो, आणि घसरलं की परत माकडहाड टेकलंच. खुर्ची तेवढी खाली करा, होत नसेल तर पायाखाली चौरंग नाहीतर जुन्या जाड पुस्तकांचा गठ्ठा. गाडीत सीट खाली करून आरसे परत लावा, डोकं छताला लागत नाही ना बघा, जाड उशी चालवताना नकोच, पातळ घ्या आणि ब्रेकवर पाय पूर्ण पोचतोय ना हे गाडी सुरू करायच्या आधी तपासा. टू-व्हीलरवर सुटी उशी ठेवू नका, सरकते. खोल मऊ सोफ्यात ही उशी काही करू शकत नाही, पाहुण्यांकडे गेलात तर सरळ डायनिंगची खुर्ची मागा, कोणाला वाईट वाटत नाही.

आणि कितीही चांगली उशी असली तरी अर्ध्या तासाने उठायचंच, दोन मिनिटं उभं राहायचं. मी पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवते. बद्धकोष्ठ असेल तर ते आधी बघा, कुंथण्याने मधल्या भागाचं आणि माकडहाडाचं दोन्ही दुखणं चाळवतं. नेटवर वाचून खालचे स्नायू आवळायचे व्यायाम आपल्या मनाने सुरू करू नका, काहींचे स्नायू आधीच आखडलेले असतात आणि त्यांना आवळायचं नाही तर सैल सोडायचं शिकायचं असतं. पेल्विक फ्लोअर, म्हणजे हेच खालचे स्नायू, बघणारे फिजिओथेरपिस्ट आता मोठ्या शहरात मिळतात, तपासून सांगतात.

काही वेळा मात्र उशीचा विचारच करायचा नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळत नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, पायातली ताकद कमी झाली तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा, मणक्यातल्या नसा दबल्या असू शकतात आणि तिथे वेळ फार महत्त्वाचा असतो. कुल्ल्यांच्या फटीत गाठ, पू, ताप असेल तर सर्जन. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री आडवं पडूनही न थांबणारं दुखणं, हे पण दाखवूनच घ्या. आणि ज्यांना खाली स्पर्शच नीट कळत नाही, व्हीलचेअर वापरतात, त्यांनी माझ्यासारखं टॉवेलवर ठरवू नये, त्यांना जखमा होऊ नयेत म्हणून वेगळी उशी लागते आणि ती मापून घ्यावी लागते.

माझी उशी दीड वर्षात दबली. पंजाची टेस्ट मी दर दोन-तीन महिन्यांनी करते, त्यात कळलं, हाड हाताला लागायला लागलं होतं. खोळ चांगली होती म्हणून त्याच गादीवाल्याकडून फक्त आतला फोम बदलून घेतला, जुना कागदी आकार त्याच्याकडे अजून होता.