खेळ रंगला, धडा राहिला : वर्गातल्या खेळांत या चुका टाळा

काजूच्या बियांवर बेरीज घ्यायची ठरवलं आणि पहिलाच तास फसला. प्रत्येकापुढे वीस-वीस बिया ओतल्या, वर पाच नियम एका दमात सांगितले. पाच मिनिटांत बेरीज बाजूला आणि बियांचा डाव सुरू. "गुरुजी, ह्येनी माझी बी घेतल्यान!" आमच्या सिंधुदुर्गातली पोरं मे महिनाभर बियांनी खेळतात, मग जूनमध्ये बी दिसल्यावर दुसरं काय करणार? आता आधी दोन मिनिटं मनसोक्त खेळू देतो. मग नियम दोनच, तेही एक डाव खेळून दाखवतो. डोक्यात एका वेळी जेमतेम चार नव्या गोष्टी मावतात, मोठ्यांच्यासुद्धा.

'चुकला तो बाद' हा नियम तर काढूनच टाका. ज्याला सराव सगळ्यात जास्त हवा, तोच पहिल्यांदा भिंतीशी जाऊन बसतो.

'हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' असे गट पाडायचा उद्योगही मी वर्षभर केला. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा असे गट पाडून शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नाही. शिवाय जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ऐकून शिकणाऱ्यांनी करायचं काय?

सगळ्यात महागात पडलेली चूक माशांच्या पत्त्यांची. बांगडा, मोरी (छोटा शार्क), कुर्ली (खेकडा), तिसऱ्या (शिंपल्या) अशी चित्रं रंगवून कणा असलेले आणि नसलेले वेगळे केले. वर्ग खूश, मीही खूश. आठवड्याने विचारलं, "कुर्लीला कणा असतो?" सगळे गप्प. उत्तर फळ्यावर समोरच असल्याने कुणाला आठवावं लागलंच नव्हतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात हेच दिसलं: पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत धडा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणून आता पत्ते पालथे. आधी आठवून पाटीवर लिहायचं, मगच उलटायचे. मोरीवर दरवेळी भांडण होतं. "काटोच नाय, मगे कणो खंयसून?" मग मोरी साफ करताना पाहिलेली एखादी पोर सांगते, मधे लवचीक दांडी असते. तोच कणा, फक्त हाडाऐवजी लवचीक कूर्चेचा.

गणपतीची सुट्टी संपली की पहिल्या दिवशी, पुस्तक उघडायच्या आधी, हेच पत्ते बाहेर निघतात.