ध्वनिमुद्रित कलावंतांची क्रमवारी कशी लावावी
मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या वाचनालयात रसिकांनी एकत्र बसून सर्व संगीतप्रकारांतील श्रेष्ठ ध्वनिमुद्रित कलावंतांची क्रमवारी लावायचे ठरवल्यास, परीक्षा मैफलीतील कीर्तीची नसून उपलब्ध ध्वनिमुद्रणांची आहे, हे प्रथम मान्य करावे. हे पथ्य पाळणे अवघड जाते. शेजारच्या गोव्यातील केरी गावच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर यांची थोरवी निर्विवाद असली, तरी त्यांची मुद्रणे मोजकीच आहेत, आणि त्यांतलेच एक १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. अशा वेळी संख्येपेक्षा गुणवत्तेला वजन द्यावे, असे माझे मत आहे.

त्यानंतर काळाचे तंत्र लक्षात घ्यावे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गाणे मावत असे, म्हणून १९०२ मधील गायिका गौहर जान यांच्या मुद्रणाची तुलना १९४८ नंतर आलेल्या दीर्घवादन (एलपी) तबकडीशी सरळ करता येत नाही. तेवढ्या अवधीत राग कसा उभा केला, हेच पाहावे.

प्रत्येक प्रकारातून दोन-तीन नावे आधी निवडावीत, मगच लता मंगेशकर आणि अमेरिकी जॅझ वादक-गायक लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या जोड्या समोरासमोर ठेवून, पुढच्या गायक-वादकांवर कोणाचा ठसा अधिक खोल उमटला, हे विचारावे. विक्रीचे आकडे दुय्यम मानावेत. दशावतार या कोकणातील लोकनाट्यातील एखाद्या गायकाचे मुद्रणच मिळत नसेल, तर त्याला या यादीत ओढूनताणून न बसवता त्याची नोंद स्वतंत्र ठेवावी.