दातांच्या दवाखान्यातील सुरक्षितता: या चुका टाळा

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैववैद्यकीय कचऱ्यासाठीचे अधिकारपत्र चौकटीत लावले की नियम पाळले गेले, असे मानणारे दवाखाने मी इतके पाहिले आहेत की आता आत शिरल्यावर भिंतीकडे न पाहता थेट असिस्टंटच्या हातांकडे पाहतो.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण घालणे. एका दवाखान्यात दाढ काढून झाल्यावर असिस्टंटने घाईत सुई टोपणाऐवजी स्वतःच्या तर्जनीत घुसवली. डॉक्टरांनी बोट पिळले, वर स्पिरिट ओतले आणि पुढचा रुग्ण बोलावला. हे दोन्ही उपाय करू नयेत; जखम धुण्यासाठी साबण आणि वाहते पाणी एवढेच पुरेसे असते. ज्याच्या तोंडात ती सुई होती तो रुग्ण तोवर घरी गेला होता, त्यामुळे त्याच्या संमतीने रक्त तपासण्याची संधी हुकली, आणि असिस्टंटची हिपॅटायटिस बी लसीची तिसरी मात्राही राहिलेली होती. एचआयव्हीप्रतिबंधक औषध शक्यतो 2 तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू करावे लागते, म्हणून जवळचे एआरटी केंद्र (एचआयव्हीवरील औषधे देणारे केंद्र) कोणत्या शासकीय रुग्णालयात आहे हे आधीच लिहून ठेवावे. टोपण घालणे अटळच असेल तर ते ट्रेवर आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी. माझा शिरस्ता याहून सोपा आहे: ज्याने भूल दिली, त्यानेच सुई धारदार कचऱ्याच्या पांढऱ्या डब्यात टाकायची.

दुसरी चूक ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची. उपकरणांच्या पाऊचवरील टेपच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे पाऊचला उष्णता लागली, एवढेच कळते. आतली उपकरणे निर्जंतुक झाली की नाही, हे बीजाणू चाचणीच (चिवट जिवाणूंचे बीजाणू यंत्रात ठेवून ते मरतात का हे पाहणे) सांगते आणि ती आठवड्याला व्हावी. पाऊच ठासून भरणारे आणि तापमान 121 अंशांवर पोहोचण्याआधीच मिनिटे मोजू लागणारे नवशिके नेमके हीच चाचणी टाळतात. हँडपीस (दात कोरायचे हातातले यंत्र) नुसता स्पिरिटने पुसणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.

क्ष-किरण काढताना असिस्टंटने रुग्णाच्या तोंडातील फिल्म बोटाने धरू नये. होल्डर विकत मिळतो. चांदी (चांदी-पाऱ्याचे मिश्रण) भरलेला दात जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकू नये, कारण तो जाळला की त्यातील पारा हवेत जातो. जैववैद्यकीय कचरा 48 तासांहून अधिक काळ साठवू नये, मग मध्ये रविवार येवो की दिवाळी.